कामठीत एकता कुठून आली?

तुमच्या संशोधन आराखड्यात 'विविधतेत एकता' हे शब्द असतील तर जरा थांबा. वाचताना तो निष्कर्ष वाटतो, पण त्याचा तपासता येईल असा प्रश्न होतो का? नागपूरशेजारची कामठी घेऊन बघू.

१८२१ मध्ये इंग्रजांनी कन्हान नदीजवळ इथे छावणी वसवली. ('कॅम्प-टी'वरून कामठी, ही गोष्ट तुम्हाला गावात कुणीही सांगेल. ऐकायला छान, पुरावा म्हणून कच्ची.) मद्रास फौजेच्या पलटणी आल्या, त्यांच्यामागे तमिळ-तेलुगू कुटुंबं आली. उत्तरेकडून मोमीन विणकर आले, मारवाडी व्यापारी आले. चार-पाच भाषा एकाच बाजारात! लगेच लिहावंसं वाटतं, की शेजारी राहिले म्हणून लोक एक झाले. पण दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे विज्ञानवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आता लष्कराचा नियम बघा. ज्या फौजेनं ही माणसं एकत्र आणली, तीच 'लढाऊ जमाती' ठरवून त्यांना वेगळं काढत होती. १८९०च्या दशकात महारांची भरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभारली, युद्ध संपल्यावर मोडली. १९३७ मध्ये कामठीचे बाबू हरदास एल. एन. विधिमंडळावर निवडून गेले. 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द रूढ करण्याचं श्रेय त्यांचंच. म्हणजे बाजार सगळ्यांचा होता, तरी बरोबरीसाठी वेगळी चळवळ लागलीच. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली नि तिची दुसरी बटालियन कामठीतच उभारली गेली.

मग १९४९. जनरल करिअप्पांच्या पुढाकारानं पंजाब, ग्रेनेडियर्स, राजपुताना रायफल्स आणि राजपूत या रेजिमेंटांच्या जुन्या बटालियन घेऊन ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी केली. जात, धर्म, प्रांत न बघता भरती, हा तिचा नियम. तिचं केंद्र आज कामठीत आहे.

सव्वाशे वर्षांच्या शेजारानं फौजेची भरती बदलली नव्हती. त्यासाठी आदेश काढावा लागला. तोही अर्धाच लागू झाला, कारण शीख, जाट, डोगरा अशा रेजिमेंटा आजही आहेत. संशोधनाचा प्रश्न इथे सापडतो: नियम बदलल्यावर बराकीतली माणसं बदलली का? आणि बराकीबाहेरच्या विणकरांच्या मोहल्ल्यात, जिथे असा आदेश कधी निघालाच नाही, तिथे काय झालं?