न्यायासन आणि लोककथा : बास्क चित्रपटातील मिथकाचे दोन मूलस्रोत

बास्क मिथक पडद्यावर कोणत्या दस्तऐवजातून येते, हा प्रश्न त्या चित्रपटांच्या अर्थनिर्णयनात मध्यवर्ती ठरतो. असे स्रोत प्रामुख्याने दोन आहेत. पहिला न्यायासनाचा. १६०९ मध्ये पिएर द लांक्र या न्यायाधीशाने फ्रान्सच्या लाबुर प्रांतात चेटूकप्रकरणांची चौकशी केली; १६१० मध्ये स्पॅनिश इन्क्विझिशनने लोग्रोन्यो येथे शिक्षा जाहीर केल्या. आरोपींची भाषा बास्क होती, नोंदींची नव्हती. दुसरा स्रोत होसे मिगेल द बारांदियारान (१८८९-१९९१) या धर्मगुरू-अभ्यासकाने केलेल्या लोककथासंकलनाचा.

फ्रँकोच्या राजवटीत दडपल्या गेलेल्या या भाषेला १९७९ च्या स्वायत्तता-कायद्याने राजभाषेचा दर्जा दिला आणि १९८२ च्या अखेरीस बास्क दूरचित्रवाणी सुरू झाली. तरीही पेद्रो ओलेआ यांचा ‘अकेलारे’ (१९८४) हा चेटूकखटल्यावरील चित्रपट स्पॅनिशमध्येच निघाला. याच नावाच्या पाब्लो आग्वेरो यांच्या चित्रपटात (२०२०) मुली आपसांत बास्क बोलतात आणि न्यायाधीशाशी स्पॅनिश. ‘अकेलारे’ म्हणजे चेटकिणींचा निशामेळा. त्याचे वर्णन ऐकण्यास न्यायाधीश आतुर आहे. शिक्षा लांबावी म्हणून मुली ते रचून सांगतात. मिथक येथे चौकशीतच जन्मते.

पॉल उर्किहो यांची वाट निराळी आहे. ‘एर्रेमेन्तारी’ (२०१७) हा चित्रपट बारांदियारान यांनी संकलित केलेल्या, सैतानाला कोंडून ठेवणाऱ्या लोहाराच्या कथेवर आधारलेला असून त्यात आलावा प्रांतातील लुप्त बोली योजिली आहे. ‘इराती’ (२०२२) आठव्या शतकात घडतो आणि मारी या देवतेला ख्रिस्तपूर्व श्रद्धाविश्वाच्या केंद्रस्थानी ठेवतो.

भाषेच्या दृष्टीने हे पुनर्ग्रहण मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु मारीविषयीच्या कथांचा मोठा भाग विसाव्या शतकात, ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या तोंडून, एका ख्रिस्ती धर्मगुरूने टिपलेला आहे. तोच आठव्या शतकाचे वास्तव म्हणून उभा राहतो, तेव्हा संकलकाची मध्यस्थी अदृश्य होते आणि लोककथेला राष्ट्राच्या उगमकथेचे रूप येते. आग्वेरो यांचा चित्रपट मात्र दस्तऐवज कसा घडतो, हेच दाखवितो. स्वभाषा परत मिळाली म्हणजे इतिहासही जसाच्या तसा परत मिळतो, असे नव्हे. मिथकाधिष्ठित चित्रपटाची समीक्षा करताना ‘कथा कोणाची’ या प्रश्नाइतकाच ‘ती कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहून घेतली’ हा प्रश्न म्हणूनच अपरिहार्य ठरतो.