घाटात दमलेली फियाट

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर सोमाटणे फाट्याला आत वळले की मावळातले शिरगाव लागते. समजा, या गावातल्या एका घराच्या पडवीत आजोबांच्या वेळची फियाट उभी आहे. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालायचा आणि घरच्या माणसांना लोणावळ्यापर्यंत फिरवून आणायचे, असा बेत ठरतो. गाडी चालू होते, पण हिवताप भरल्यासारखी थरथरते. सपाटीला कशीबशी चालते. कामशेतच्या चढाला लागली की धापा टाकते. मग एकजण म्हणतो, "इंजिन उतरवा, बोअर करून घ्या." दुसरा म्हणतो, "भंगारात घाला." असा निकाल देण्याआधी जरा इतिहास विचारात घ्यावा, एवढेच मला आज सांगायचे आहे.

या गाडीचा आणि आपल्या घाटाचा संबंध जुना आहे. बोरघाटातून चाकांची वाहने जातील असा रस्ता १८३० साली खुला झाला आणि घाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. सोलापूरचे वालचंद हिराचंद ठेकेदारीच्या धंद्यात पडले, तेव्हा याच घाटातल्या रेल्वे बोगद्यांची कामे त्यांच्या कंपनीने केली. पुढे १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. वालचंदशेठ १९५३ साली वारले. त्यानंतरच्या वर्षापासून तिथे फियाट ११०० या गाडीची जुळणी होऊ लागली. तिच्या एका मॉडेलला लोक लाडाने 'डुक्कर फियाट' म्हणत. हिचीच पुढची बहीण म्हणजे प्रीमियर पद्मिनी, मुंबईची काळीपिवळी टॅक्सी. ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. पण घरोघरी जपलेल्या गाड्या अजून आहेत, आणि त्यांचे दुखणे ओळखणारे हात मात्र कमी होत चालले आहेत.

आता इंजिनाचा इतिहास पाहा. जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ साली चार टप्प्यांचे इंजिन चालवून दाखवले: ओढणे, दाबणे, भडका आणि बाहेर टाकणे. त्यात दाब होता, पण पेट्रोल नव्हते आणि ठिणगीही नव्हती. ते गॅसवर चाले आणि ज्योतीने पेटे. पुढे १८९३ साली विल्हेल्म मायबाख यांनी पेट्रोलचा फवारा हवेत मिसळणारा कार्ब्युरेटर आणला. आणि १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची व्यवस्था मोटारीवर बसवली. आपल्या फियाटमध्ये तीच आहे. म्हणजे आधी दाब आला, मग मिश्रण आणि शेवटी ही ठिणगी. दोष शोधताना हाच इतिहास उलटा वाचावा. शेवटी आलेली ठिणगी आधी तपासावी, मग पेट्रोल आणि अगदी शेवटी दाब. कारण ठिणगीची तपासणी बॉनेट उघडून होते. दाब गेला असेल, तर इंजिनच खोलावे लागते.

त्याआधी एक सोपी गोष्ट करा. सपाटीवर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून हाताने ढकला. ती सहज सरकत नसेल, तर ब्रेक धरून बसला आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे व्हायला नको.

मग इंजिन संथ चालू ठेवा. रबरी हातमोजा घालून एकेका प्लगची वायर क्षणभर काढा. चालणाऱ्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी लंगडते. जिची वायर काढून काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला आहे. इंजिन बंद करून त्याचा प्लग शेजारच्या प्लगशी अदलाबदल करा. दोष प्लगबरोबर सरकला, तर काम स्वस्तात झाले. प्लगचा रंगही बोलतो. फिका तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओल म्हणजे आत ऑइल येते, आणि पांढरा फटक म्हणजे पेट्रोल कमी पडते.

शिक्षकांनी वर्गात हे गणित घालावे. मिनिटाला ३,००० फेरे झाले, तर चार सिलिंडरांत मिळून ६,००० ठिणग्या पडतात, म्हणजे सेकंदाला १००. त्या सगळ्या एकाच पॉइंटच्या उघडझापीवर अवलंबून. ती फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. पॉइंट झिजले की टायमिंग बिघडते, आणि ते चढावर आधी कळते.

चारही सिलिंडर सारखेच अडखळत असतील, तर पेट्रोलकडे वळा. फिल्टर, पंप, जेटमधला कचरा पाहा. संथ चालताना थरथर आणि वेगात बरे, असे असेल तर कुठेतरी हवा आत शिरते आहे. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबरी पाइप त्याने फुगतात, आणि जुन्या जेटला मिश्रण पातळ पडते. आपल्याच उसातून आलेले हे पाहुणे आजोबांच्या गाडीला मानवतातच असे नाही. तेव्हा पाइप बदलून घ्यावेत.

एवढे करूनही दुखणे राहिले, तर दाब मोजावा. एका सिलिंडरचा दाब कमी आला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. वाढला तर रिंगा झिजल्या. नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह बसत नाही. शेजारचे दोन सिलिंडर एकदम गेले असतील, तर मधले हेड गॅस्केट फुटले असण्याचा संभव मोठा. मग मात्र खुशाल इंजिन खोला, पण का खोलतो ते माहीत असून खोला.

आणि कधी मुंबईकडून बोरघाट चढून लोणावळ्याला पोचल्यावर जोर थोडा कमी वाटला, तर घाबरू नका. ते गाव समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून उंच आहे. तिथे हवाच विरळ. तो दोष गाडीचा नव्हे, सह्याद्रीचा आहे.