समुद्राचं भाडं

१ फेब्रुवारी १९८५ या दिवशी युरोपियन आर्थिक समुदायाचा, म्हणजे आजच्या युरोपियन युनियनच्या आधीच्या अवताराचा, निम्म्याहून जास्त भूभाग एका रात्रीत कमी झाला. लोकसंख्या कमी झाली ती मात्र जेमतेम पन्नास हजारांनी. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी माणसं बाहेर पडली आणि जाताना सोबत २१ लाख चौरस किलोमीटरचा बर्फ, खडक आणि त्याभोवतीचा समुद्र घेऊन गेली.

हा ग्रीनलंड. हल्ली हे नाव आपल्या फोनवर येतं ते डोनाल्ड ट्रम्प यांना तो हवाय म्हणून. पण त्याच्या कितीतरी आधी, ‘ब्रेक्झिट’ हा शब्द जन्माला यायच्या तीस वर्षं आधी, या लोकांनी युरोपच्या सामाईक बाजारातून बाहेर पडून दाखवलं होतं. तेही करारात बाहेर पडायचं कलमच नसताना. ते कलम युरोपने लिहिलं पुढे, लिस्बन करारात, जो २००९ साली लागू झाला.

मुळात ते आत गेले कसे, इथपासूनच ही गोष्ट वाकडी आहे. ग्रीनलंड १९५३ पर्यंत डेन्मार्कची वसाहत होती. त्या वर्षीच्या नव्या डॅनिश राज्यघटनेने तिला डेन्मार्कचा एक जिल्हा करून टाकलं आणि कोपनहेगनच्या संसदेत दोन जागा दिल्या. कागदावर बरोबरी आली. प्रत्यक्षात १९६४ च्या एका कायद्यानुसार सरकारी नोकरीत पगार ठरायचा तो जन्म कुठे झाला यावरून. डेन्मार्कात जन्मलेल्याला जास्त, ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्याला कमी. शेजारी शेजारी बसून तेच काम करणाऱ्या दोघांना.

१९७२ च्या ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कने सामाईक बाजारात जायचं की नाही यावर सार्वमत घेतलं. एकूण राज्यात ६३ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. ग्रीनलंडमध्ये ७० टक्क्यांहून जास्त लोक ‘नाही’ म्हणाले. पण मोजणी एकत्र होती. फेरो बेटं सुद्धा डॅनिश राज्यातलीच, पण त्यांच्याकडे १९४८ पासून गृहराज्य, म्हणजे अंतर्गत स्वराज्य होतं, म्हणून ती बाहेर राहू शकली. ग्रीनलंडकडे ते नव्हतं. १ जानेवारी १९७३ ला ते नको म्हणत म्हणत आत गेले.

‘नाही’ का म्हणाले? एका शब्दात सांगायचं तर, मासा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम ग्रीनलंडचा समुद्र थोडा ऊबदार झाला आणि त्याबरोबर कॉड मासा आला. सीलची शिकार करणारी गावं हळूहळू कोळी गावं झाली. डॅनिश सरकारने तर पुढची सगळी योजनाच कॉडवर आखली. लहान वस्त्या बंद करायच्या, माणसं किनाऱ्यावरच्या मोठ्या गावांतल्या काँक्रीटच्या चाळवजा इमारतींत आणायची आणि त्यांना मासळीच्या कारखान्यांत कामाला लावायचं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या समुद्रातून वर्षाला चार लाख टनांहून जास्त कॉड निघत होता. यातला बहुतेक मासा परदेशी बोटींच्या जाळ्यात जात होता. पोर्तुगीज, पश्चिम जर्मन, फ्रेंच, सगळे तिथे होते. दशक संपता संपता पाणी पुन्हा गार होऊ लागलं आणि उपसा तर चालूच होता. कॉड कोसळला.

आता युरोपकडे बघा. १९७० साली ब्रिटन, आयर्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वे हे मासेमारीतले चार देश समुदायाच्या दारात उभे होते. नेमक्या त्याच वेळी, वाटाघाटी सुरू व्हायच्या तोंडावर, आधीच्या सहा सदस्यांनी आपापसांत ठरवून टाकलं की सदस्य देशांच्या पाण्यात सगळ्या सदस्यांच्या बोटींना समान मुभा. या सहांकडे स्वतःचा असा मासा फारसा नव्हता. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ते हे. नॉर्वेने १९७२ च्या सार्वमतात नकार दिला, त्यात या नियमाचा मोठा वाटा होता.

खरी कळ आली १९७७ साली. आइसलंडने आपल्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांचा पट्टा आपला म्हणून जाहीर केला होता आणि ब्रिटिश, जर्मन बोटींना तिथून हुसकावलं होतं. जगभर तोच रिवाज पडू लागला. समुदायानेही १ जानेवारी १९७७ पासून २०० मैलांची हद्द आखली. ग्रीनलंडभोवतीचा अफाट समुद्र त्यामुळे हद्दीत आला, पण कुणाच्या? कोटा ठरणार ब्रुसेल्समध्ये. आइसलंडहून हाकललेले पश्चिम जर्मनीचे मोठे ट्रॉलर आता ग्रीनलंडच्या पाण्याकडे वळले होते. किनाऱ्यालगत छोट्या होड्या घेऊन फिरणाऱ्या माणसाला क्षितिजावर दिवे दिसायचे, आणि त्या दिव्यांना तिथे यायचा हक्क होता.

दरम्यान ग्रीनलंडमध्ये राजकारण जागं झालं होतं. मोझेस ओल्सेन, लार्स-एमिल योहान्सेन, योनाथन मोट्झफेल्ट ही नवी पिढी. त्यांचा ‘सिउमुत’ पक्ष. त्यांनी आधी गृहराज्य मागितलं आणि मिळवलं. १ मे १९७९ ला मोट्झफेल्ट पहिले प्रमुख झाले. फेरो बेटांकडे जे होतं ते आता यांच्याकडेही होतं. मग युरोपचा विषय पुन्हा काढायला अडचण काय?

२३ फेब्रुवारी १९८२ ला सार्वमत झालं. राहावं म्हणणारा ‘अतास्सुत’ पक्ष वेडा नव्हता. समुदायाच्या निधीतून प्रशिक्षण, पायाभूत सोयी यांसाठी पैसा येत होता, आणि मासळीचा गिऱ्हाईक युरोपच होता. बाहेर पडलो तर त्याच गिऱ्हाइकाच्या दारात जकात भरावी लागणार. निकाल लागला: ५३ टक्के बाहेर, ४७ टक्के आत. फरक दीड हजार मतांच्याही आतला. दहा वर्षांपूर्वी ७० टक्के विरोध होता हे लक्षात घ्या. दहा वर्षांच्या निधीने बऱ्याच जणांचं मत बदललं होतं, फक्त पुरेशा जणांचं नाही.

त्यानंतर जे घडलं ते मला या गोष्टीतलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. लोकांनी मत दिलं आणि दुसऱ्या दिवशी दार आपटून कुणी निघालं नाही. पुढची दोन वर्षं बोलणी चालली. बर्फाबद्दल युरोपला फारसं सोयरसुतक नव्हतं. सगळा घोळ माशाचा होता, आणि सर्वांत जास्त चिंता अर्थातच पश्चिम जर्मनीला. १३ मार्च १९८४ ला ब्रुसेल्समध्ये करार झाला. त्यातल्या दोन गोष्टी एकमेकींत अडकवलेल्या होत्या.

पहिली अशी की ग्रीनलंड युरोपियन बोटींना ठरलेला कोटा देईल, आणि त्याबदल्यात समुदाय पैसे मोजेल. पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २ कोटी ६५ लाख एक्यू. (एक्यू हे युरोच्या आधीचं हिशेबापुरतं चलन.) दुसरी अशी की जोवर ही मासेमारीची सोय समाधानकारक आहे, तोवर ग्रीनलंडची मासळी युरोपात विनाजकात जाईल. ग्रीनलंडला ‘समुद्रापारचे प्रदेश’ या वर्गात बसवलं गेलं. युरोपच्या जुन्या वसाहतींसाठी केलेला हा वर्ग.

काय झालं बघा. बोटी त्याच, समुद्र तोच, गिऱ्हाईक तेच, जकात आधीही शून्य आणि नंतरही शून्य. पण काल जे फुकट हक्काने घेतलं जात होतं, त्याचं आता भाडं येऊ लागलं. समुदायाचा जो निधी बुडाला असता, तो या भाड्याने बऱ्याच अंशी भरून निघाला. शिवाय निधी दुसऱ्याच्या मर्जीवर असतो. भाडं करारावर असतं, आणि मुदत संपली की पुन्हा बोलायला बसता येतं.

इथे थांबलो तर ही छान यशोगाथा होईल. पण हिशेब पुढेही चालू राहिला.

१७७६ पासून ग्रीनलंडचा व्यापार ज्या डॅनिश सरकारी कंपनीच्या मुठीत होता, तिचे कारखाने आणि व्यापार १९८५-८६ मध्ये गृहराज्याकडे आले. बोटी घेतल्या गेल्या, कारखाने वाढवले गेले, कर्ज काढलं गेलं. त्यातच नशिबाने साथ दिली. १९८४ च्या आसपास जन्मलेली कॉडची एक मोठी पिढी आइसलंडच्या बाजूने प्रवाहाबरोबर ग्रीनलंडकडे आली आणि दशकाच्या शेवटी जाळी भरून निघाली. सगळ्यांना वाटलं, आपला समुद्र आपल्या हाती आला आणि मासा परतला. चार वर्षांत तो पुन्हा गायब झाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अर्थव्यवस्था आक्रसली. डोक्यावर कर्ज होतंच.

गंमत अशी की युरोपच्या करारात कॉडचा कोटा तेव्हाही लिहिलेला होता. समुद्रात नसलेल्या माशाचे पैसे युरोप देत राहिला. टीकाकारांनी याला ‘कागदी मासे’ म्हटलं. म्हणजे ज्याला भाडं म्हणत होतो त्यातला काही भाग पुन्हा मदतीसारखाच झाला होता, फक्त नाव वेगळं.

तारलं ते कोळंबीने. गार पाण्यात वाढणारी, बारीक, गुलाबी कोळंबी. पाणी थंड झाल्याने आणि तिला खाणारा कॉड गेल्याने ती फोफावली. पुढची कित्येक वर्षं ग्रीनलंडच्या निर्यातीचा कणा तीच होती, आणि आजही ९० टक्क्यांहून जास्त निर्यात मासे आणि कोळंबी यांचीच आहे. एका मालावर उभं असलेलं घर. तो माल कधी येईल, कधी जाईल हे ना नूकमध्ये ठरतं, ना ब्रुसेल्समध्ये.

सीलचं तर त्याहून वाईट झालं. युरोपात सीलच्या पिल्लांच्या शिकारीविरुद्ध मोठी मोहीम उठली आणि १९८३ मध्ये समुदायाने पिल्लांच्या कातड्यांची आयात बंद केली. नियमात इनुइट लोकांच्या पारंपरिक शिकारीला सूट होती, आणि ग्रीनलंडचे शिकारी तशीही पिल्लं मारत नव्हते. पण पॅरिसमधली बाई दुकानात कोट घेताना नियमातली सूट वाचत नाही. सगळ्याच सीलच्या कातड्याचा भाव पडला. उत्तरेकडच्या ज्या वस्त्यांत रोख पैसा यायचा तो एवढाच, तिथे बाहेर पडल्यानेही काही फरक पडला नाही. नियम करताना तुम्ही टेबलावर नसलात तरी बाजार त्यांचाच असतो.

आणि डेन्मार्क? ग्रीनलंडने युरोप सोडला, डेन्मार्क सोडला नाही. युरोपच्या पैशाच्या कितीतरी पट पैसा दरवर्षी कोपनहेगनहून येत होता आणि येतो. २००९ च्या स्वशासन कायद्याने तो वर्षाला सुमारे ३.४ अब्ज डॅनिश क्रोन असा गोठवला, महागाईनुसार वाढेल एवढीच तरतूद ठेवली. सरकारी खर्चाचा साधारण अर्धा भार हे अनुदान उचलतं. ग्रीनलंडला बाहेर पडणं परवडलं यामागे हेही कारण होतं, आणि बाहेर पडणाऱ्यांच्या भाषणांत ते फारसं येत नाही.

२०१६ नंतर ब्रिटनमध्ये ग्रीनलंडचं उदाहरण पुष्कळदा दिलं गेलं. तुलना मला पटत नाही. ग्रीनलंडकडे विकायला एकच गोष्ट होती आणि ती समोरच्याला हवी होती. ब्रिटनकडे हजार गोष्टी होत्या आणि त्यांतला मासा हा अर्थव्यवस्थेचा अगदी किरकोळ हिस्सा. तरी भाषणांत तोच पुढे होता. ब्रिटिश कोळ्यांना सांगितलं गेलं की समुद्र परत मिळेल. मिळालं ते असं: युरोपियन बोटींच्या वाट्यातला चौथा हिस्सा, तोही साडेपाच वर्षांत टप्प्याटप्प्याने. ती मुदत संपायच्या आधीच, मे २०२५ मध्ये, युरोपियन बोटींची मुभा २०३८ पर्यंत वाढवली गेली.

या सगळ्यात ग्रीनलंडच्या वाट्यालाही काहीतरी आलं. ब्रिटन हा त्यांच्या कोळंबीचा जुना आणि चांगला गिऱ्हाईक. तिथल्या सँडविचमध्ये जी बारीक गुलाबी कोळंबी असते ना, तीच. १९८४ च्या करारामुळे ती ब्रिटनमध्ये विनाजकात जायची, कारण ब्रिटन युरोपात होता. ब्रिटन बाहेर पडला आणि २०२१ पासून त्याच कोळंबीवर २० टक्क्यांपर्यंत जकात बसली. २०२२ मध्ये दोघांनी व्यापार कराराची बोलणी सुरू केली, ती रेंगाळली, आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू करायचं ठरलं. बोलण्यांत ब्रिटनला काय हवं होतं? ग्रीनलंडच्या पाण्यात मासेमारीचा कोटा.