अनुदान कष्टाला नाही, कागदाला!

शेती अनुदानाची चर्चा निघाली की एक युक्तिवाद हमखास ऐकायला मिळतो. "योजना सगळ्या शेतकऱ्यांसाठी आहे, त्यात जात कशाला आणता?" याचे उत्तर आम्ही अमेरिकेतील एका कापूसपट्ट्याच्या इतिहासातून देणार आहोत.

मिसिसिपी राज्यातली सनफ्लॉवर कौंटी. कौंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग. इथली बहुसंख्य जनता कृष्णवर्णीय, जमीन मात्र मूठभर गोऱ्या मळेवाल्यांची. गुलामगिरी 1865 मध्ये कायद्याने संपली, पण जमिनीचे वाटप झाले नाही. कालचा गुलाम त्याच मळ्यावर कर्जात बुडालेला वाटेकरी झाला.

1933 मध्ये रूझवेल्ट सरकारने शेती कायदा केला. कापसाचे भाव कोसळले होते, म्हणून पेरा कमी करणाऱ्याला सरकार पैसे देणार होते. कायद्यात काळा-गोरा असा शब्दही नव्हता. पण करार जमीनमालकाशी झाला आणि धनादेशही त्याच्याच हाती पडला. त्यातला वाटेकऱ्याचा हिस्सा मालकाने द्यायचा होता. अनेकांनी तो दाबला. पेरा घटला तशी माणसेही नकोशी झाली. वाटेकऱ्यांना हाकलून मालकांनी ट्रॅक्टर आणले. 1934 मध्ये शेजारच्या आर्कान्सा राज्यात काळ्या-गोऱ्या वाटेकऱ्यांनी एकत्र येऊन संघटना बांधली. 1935 मध्ये कृषी खात्यातील काही वकिलांनी वाटेकऱ्यांच्या बाजूने कराराचा अर्थ लावला, तेव्हा त्यांनाच नोकरीवरून काढले.

पुढे तीस वर्षांनीही चित्र तेच होते. याच कौंटीतले सिनेटर जेम्स ईस्टलंड हजारो एकरांचे मालक, नागरी हक्कांचे कट्टर विरोधक आणि सिनेटच्या कृषी समितीचे सदस्य. 1960 च्या दशकाअखेर त्यांच्या मळ्याला वर्षाला लाखाहून अधिक डॉलर सरकारी अनुदान मिळत होते. गरिबांना मदत दिली तर ते आळशी होतात, असे सांगणारा वर्ग जमीन पडीक ठेवण्याचे पैसे घेत होता!

त्याच कौंटीत फॅनी लू हेमर सहाव्या वर्षापासून कापूस वेचत होत्या. 1962 मध्ये त्या मतदार नोंदणीसाठी गेल्या आणि त्याच दिवशी त्यांना मळ्यावरून हाकलण्यात आले. ज्याचे पोट मालकाच्या हाती, त्याचे मतही मालकाच्या हाती, हे त्यांनी ओळखले. म्हणून 1969 मध्ये त्यांनी चाळीस एकरांवर 'फ्रीडम फार्म' ही सहकारी शेती सुरू केली. पैशाअभावी आणि नैसर्गिक आपत्तींमुळे ती काही वर्षांत बंद पडली. मालकांसाठी तिजोरी उघडी होती, या मजुरांसाठी नव्हती.

1920 मध्ये अमेरिकेत सुमारे सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. शतकाअखेर वीस हजारही उरले नाहीत. कर्ज व अनुदानातील भेदभावाविरुद्ध ते 1997 मध्ये न्यायालयात गेले. 1999 च्या तडजोडीनंतर सुमारे एक अब्ज डॉलर भरपाई मिळाली. पण तोवर बहुतेकांची जमीन गेली होती.

आता आपल्याकडे पाहा. 2019 ची पीएम-किसान योजना वर्षाला 6,000 रुपये देते, पण जमीन नावावर असलेल्या कुटुंबालाच. आधी दोन हेक्टरांची मर्यादा होती, ती त्याच वर्षी काढली. करदाते वगैरे काही वर्ग वगळले, तरी मोठा जमीनधारक आत आला. ठोक्याने शेती करणारा आणि मजुरीवर जगणारा बाहेरच राहिला. या बाहेरच्यांत आपली किती माणसे आहेत, हे प्रत्येकाने आपल्या गावात मोजून पाहावे. अर्जात जात विचारून कुणाला वगळण्याची गरजच नाही. सातबारा मागितला की ते काम आपोआप होते.

बाबासाहेबांनी हे आधीच ओळखले होते. 1937 मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये जमीन राज्याच्या मालकीची करून सामूहिक शेतीची मागणी केली. त्यांच्या रचनेत जमीनदार नव्हता, कूळ नव्हते आणि भूमिहीन मजूरही नव्हता. दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह त्याच वाटेवरचा.

म्हणून मित्रहो, लाभार्थ्यांच्या यादीत नाव घुसवण्यापुरती आपली लढाई नाही. वाटेकरी आणि शेतमजुराची शेतकरी म्हणून नोंद करा, कसत असलेली गायराने नावावर करा, ही आपली मागणी आहे. जमिनीचा प्रश्न टाळून दिलेले अनुदान जमीनवाल्याचेच हात बळकट करते. सनफ्लॉवर कौंटीचा धडा हाच आहे.

जय भीम!