हरणाच्या शिकारीची किंमत कोण मोजतो?

काही दिवसांपूर्वी आमच्या अभ्यासवर्गातून पुढे गेलेल्या आणि आता टेक्सासमध्ये नोकरी करणाऱ्या एका मित्राचा फोन आला. त्याचे ऑफिसातले सहकारी हरणाच्या शिकारीला निघाले होते. खासगी रान, सोबत अनुभवी वाटाड्या, राहण्याखाण्याची सोय, मारलेल्या हरणाचे मांस साफ करून हातात. यानेही यावे असा त्यांचा आग्रह होता. मित्राने विचारले, "रक्कम बरीच आहे. एवढे पैसे घालणे परवडेल का?" आणि मग जरा थांबून, "आपण बौद्ध आहोत, म्हणूनही विचारतो."

आम्ही फोनवर घाईने उत्तर दिले नाही. कारण पैसे भरून, वाटाड्या घेऊन शिकार करण्याचा धंदा आपल्याकडेही होता. आपल्या नागपुरातच होता. त्याचा इतिहास साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या आठवणींत भरपूर सापडतो. पण ज्यांनी रान उठवून जनावर बंदुकीसमोर आणले, त्यांचे म्हणणे फारसे कोणी लिहून घेतले नाही. 'परवडते का' हा प्रश्न त्यांच्या बाजूने विचारला, तर उत्तर काय येते?

हा शाकाहाराचा उपदेश नाही

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करू. आमचा आक्षेप मांसाहाराला नाही. कोणाच्या ताटात काय आहे यावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या व्यवस्थेचे चटके आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहेत. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा अर्थ सांगताना एक महत्त्वाचा भेद केला आहे. गरजेपोटी होणारी हत्या वेगळी आणि केवळ मारण्याच्या इच्छेपोटी होणारी हत्या वेगळी. तथागतांनी निषेध केला तो दुसरीचा.

ही कसोटी घेऊन शिकारीच्या इतिहासाकडे पाहिले की एक उलटा न्याय दिसतो. ज्यांनी पोटासाठी मारले ते गुन्हेगार ठरले. ज्यांनी हौसेसाठी मारले त्यांना परवाना मिळाला.

साहेब मचाणावर, माणसे रानात

१८७८ च्या वन कायद्याने जंगले 'राखीव' करण्याचा सरकारचा हात बळकट झाला. कालपर्यंत ज्या रानात गोंड, बैगा, कोरकू आपल्या हक्काने वावरत होते, तिथे ते परवानगीवाचून शिरणारे घुसखोर झाले. त्याच रानाचे शिकारीसाठी गट पाडले गेले. शुल्क भरून परवाना काढायचा, ठरलेल्या मुदतीपुरता तो गट साहेबाचा.

पण नुसता परवाना घेऊन चितळ किंवा सांबर समोर येऊन उभे राहत नाही. जनावर कुठे चरते, कुठे पाणी पिते, ठसे कालचे की आजचे, हे ज्ञान स्थानिक माणसाचे. त्यानंतर हाका. पहाटे गावातली माणसे गोळा करायची. काहींना दोन्ही बाजूंच्या झाडांवर बसवायचे, म्हणजे जनावर बाजूला फुटू लागले की त्यांनी खोडावर टकटक करून त्याला परत वळवायचे. बाकीच्यांनी ओळ धरून ढोल, डबे वाजवत, ओरडत काट्याकुट्यांतून पुढे सरकायचे. साहेब मचाणावर सुरक्षित. हाका घालणारा अनवाणी, हातात फार तर काठी. त्याच झाडीत वाघ, अस्वल किंवा रानडुक्कर दडलेले असले तर पहिली गाठ याच्याशी.

ही माणसे स्वखुशीने आली होती का? साहेबाचा दौरा आणि साहेबाची शिकार बहुधा एकत्रच निघत. माणसे जमवण्याचा हुकूम पाटील, मुकादमांमार्फत सुटे. मध्य प्रांतातली वनग्रामे तर वनखात्याला हक्काचे मजूर मिळावेत म्हणूनच वसवली होती. खात्याच्या कामाला नाही म्हणणाऱ्याची जमीन आणि घर दोन्ही धोक्यात येत. अशा माणसाच्या हातावर चार आणे टेकवले तरी त्याला मजुरी म्हणता येत नाही. नकार देता येत नसेल, तर ती वेठच.

मुंबई इलाख्यातल्या आपल्या पूर्वजांना ही वेठ दुसऱ्या नावाने ठाऊक होती. दौऱ्यावरच्या अंमलदाराचे सामान वाहणे, वाट दाखवणे, सरकारी बोलावणे येईल तेव्हा, दिवस असो की रात्र, हजर होणे, हे महार वतनाचे काम. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते यासाठीच. प्रत्यक्ष मुक्ती यायला १९५८ चा कायदा उजाडावा लागला. म्हणून सांगतो, मध्य प्रांतातला हाका घालणारा गोंड आणि मुंबई इलाख्यातला वतनदार महार यांचे दुःख वेगळे नव्हते. दोघांच्याही वेळेवर आणि शरीरावर दुसऱ्याचा हक्क होता.

फासा गुन्हा, बंदूक प्रतिष्ठा

फासेपारधी फासे लावून काळवीट, तितर, ससे धरत. ही त्यांची उपजीविका. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मानेच माणसाला गुन्हेगार ठरवण्याची सोय केली आणि तो शिक्का पारध्यांवरही बसला. १९५२ मध्ये कायदा गेला, शिक्का अजून गेलेला नाही. त्याच काळात संस्थानिक बैलगाडीतून पाळीव चित्ते नेऊन त्याच काळविटांवर सोडत, आणि ते वैभव म्हणून मिरवले जाई.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोल्हापूरचे शाहू महाराज स्वतः शिकारीचे शौकीन होते. त्यांच्या दरबारातही चित्त्यांची शिकार होती. आपल्या आदरस्थानांचा इतिहास आम्ही सोयीने कापत नाही. पण याच राजाने फासेपारध्यांना जवळ करून काम दिले आणि १९१८ मध्ये आपल्या राज्यातली महार वतने रद्द केली.

डॉलरवाला पाहुणा

इंग्रज गेले, संस्थाने विलीन झाली, पण मचाण जागेवरच राहिले. १९५० च्या दशकात शिकारीच्या कंपन्या पुढे आल्या. नागपूरची 'ॲल्विन कूपर' ही त्यांतली एक. पुढे केंद्रात मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांची ती कंपनी. परदेशी पाहुणा पैसे भरी आणि कंपनी तंबू, जीप, परवाना, शिकारी, हाका अशी सगळी व्यवस्था करी. देशाला परकीय चलन हवे होते, त्यामुळे या धंद्याकडे कौतुकाने पाहिले जाई.

याच दशकात, याच नागपुरात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी पंचशील ग्रहण केले. सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा घेतली. एका शहरातले हे दोन रस्ते. एकावर माणसाचा माणूसपणाचा हक्क परत घेतला जात होता, दुसऱ्यावर हौशी पाहुण्यासाठी कोणीतरी अजूनही रान उठवत होता.

बंदीनंतर

१९७० मध्ये वाघाची शिकार बंद झाली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. पण मूळ कायद्यात काही प्राण्यांच्या शिकारीला परवान्याची वाट शिल्लक होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. हे योग्यच झाले. प्रश्न बंदीचा नाही, तिच्या ओझ्याचा आहे. परदेशी पाहुणा दुसऱ्या देशात गेला, कंपन्यांनी धंदे बदलले. हाका घालणारा कुठे जाणार? अभयारण्यांसाठी उठवलेल्या गावांत त्याचेच गाव होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. आज भुकेपोटी ससा धरणारा सापडला तर कायदा तत्परतेने धावतो.

यावर काही जण नामिबियाचे किंवा पाकिस्तानातल्या मारखोरचे उदाहरण देतात. पाकिस्तानात मारखोरच्या परवान्याच्या रकमेतला ८० टक्के वाटा स्थानिक समाजाला जातो, नामिबियात १९९६ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना वन्यजीवांच्या उत्पन्नावर हक्क मिळाला. हा युक्तिवाद आम्ही उडवून लावत नाही. उलट त्यातूनच आमचा मुद्दा सिद्ध होतो. तिथल्या लोकांना जे मिळते ते बक्षिसी म्हणून नाही, हक्क म्हणून. आपल्याकडे शंभर वर्षे शिकारीचा पैसा वाहिला, पण हाका घालणाऱ्याचा त्यावर कधी हक्क नव्हता.

मृगदाव आणि सोपारा

निग्रोधमृग जातकात वाराणसीच्या एका राजाची कथा आहे. राजाला शिकारीचा नाद. तो रोज प्रजेला कामधंदे सोडायला लावून शिकारीला नेई. शेवटी कंटाळलेल्या लोकांनीच हरणे हाकत आणून राजाच्या बागेत कोंडली, म्हणजे निदान आपली कामे तरी होतील. पुढे गाभण हरिणीची पाळी आली तेव्हा निग्रोधराजाने तिच्या जागी स्वतःची मान ठेवली, हा भाग आपण सारे सांगतो. पण सुरुवातीची वेठ आपण विसरतो. कथाकाराला ठाऊक होते की राजाच्या हौसेत हरीण आणि रयत दोघेही भरडले जातात.

सम्राट अशोकाचा आठवा शिलालेख हीच गोष्ट राज्यकारभाराच्या भाषेत सांगतो. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, तीत मृगया असे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला गेला आणि तिथून धम्मयात्रा सुरू झाली. तीत वृद्धांना मदत होती, खेड्यापाड्यांतल्या लोकांच्या भेटी होत्या, धम्माची चर्चा होती. म्हणजे दौरा तोच, पण आता लोक राजाच्या हौसेसाठी राबत नव्हते, राजा लोकांकडे जात होता. याच लेखाचा एक तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात, आपल्या महाराष्ट्रात, सापडला. अशोकानेही तेराव्या लेखात अटवीतल्या लोकांना दटावले आहे, हे आम्ही लपवत नाही. तरी हौसेची यात्रा बंद करणारा राजा इतिहासात विरळाच.

मित्राला आम्ही हेच कळवले. मांस हवे असेल तर बाजारात मिळते, त्यासाठी एवढी रक्कम कोणी भरत नाही. ती रक्कम मारण्याच्या इच्छेची आहे. म्हणून आमच्या लेखी हा सौदा परवडणारा नाही. पैसे तुझे आहेत, निर्णयही तुझा. पण गेलास तर तुझ्या पुढे चालणाऱ्या वाटाड्याला त्याची रोजी, त्याचे गाव विचार.

आणि इथल्या तरुण कार्यकर्त्यांना एक विनंती. आम्ही काम करतो त्या भागात हाक्याला गेलेली काही म्हातारी माणसे अजून हयात आहेत. तुमच्याकडेही असतील. मोबाइल काढा, त्यांच्यापाशी बसा. कोणी बोलावले, काय दिले, कोण जखमी झाले, नाही म्हटले तर काय झाले, सगळे नोंदवून घ्या. साहेबांच्या भिंतीवर हरणाची शिंगे अजून आहेत. ती खाली आणणाऱ्यांची नावे मात्र कुठेच नाहीत.

जय भीम!