अर्कचित्र : अतिशयोक्तीतून साधलेले साम्य

एखाद्या व्यक्तीच्या चेहऱ्यातील वा देहयष्टीतील ठळक वैशिष्ट्य हेतुपुरस्सर वाढवून, तरीही ती व्यक्ती तत्काळ ओळखू येईल अशा रीतीने काढलेले चित्र म्हणजे अर्कचित्र. व्यंगचित्र प्रामुख्याने घटनेवर वा प्रवृत्तीवर भाष्य करते, तर अर्कचित्राचा विषय व्यक्ती असतो. राजकीय व्यंगचित्रात बहुधा दोन्ही एकत्र आढळतात.

या कलाप्रकाराचे पाश्चात्त्य नाव 'भार लादणे' या अर्थाच्या इटालियन क्रियापदावरून आले आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस बोलोन्या येथील काराच्ची बंधूंपासून त्याचा आरंभ मानला जातो. मराठी शब्द मात्र निराळ्या अंगाने जातो. अर्क म्हणजे सार. चित्रकार नाक किंवा भुवई वाढवतो, तेव्हा इतर तपशील गाळतो. ही निवड चुकल्यास केवळ विद्रूप चेहरा उरतो.

बाळ ठाकरे आणि आर. के. लक्ष्मण यांनी मुंबईच्या 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये एकेकाळी एकत्र काम केले. ठाकरे यांच्यावर ब्रिटनमधील व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांचा प्रभाव होता. त्यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केले. शब्दांतूनही अर्कचित्र रेखाटता येते. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' या संग्रहात माणसांच्या लकबी वाढवलेल्या दिसतात, परंतु जिव्हाळा सुटत नाही. या संग्रहाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

सत्ताधाऱ्यांना ही कला अनेकदा रुचलेली नाही. फ्रान्सचा राजा लुई फिलिप याला खादाड राक्षसाच्या रूपात दाखवल्याबद्दल चित्रकार ओनोरे दोमिए यांना १८३२ मध्ये तुरुंगवास घडला. मुंबईत सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली; पुढे तो आरोप मागे घेण्यात आला. संबंधित चित्रांत विनोद वा उपहास फारसा नसल्याचे मत नोंदवूनही, हिंसेला चिथावणी नसेल तर अशा अभिव्यक्तीवर बंधन घालता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये स्पष्ट केले. म्हणजेच, चित्र फसले म्हणून ते गुन्हा ठरत नाही.

'व्यंग' या शब्दाचा एक अर्थ शारीरिक दोष असाही आहे. बलवानाची लकब टिपणे आणि दुर्बलाच्या व्यंगावर बोट ठेवणे यांतील अंतर राखणे, ही चित्रकाराच्या विवेकाची कसोटी ठरते.