मद्रासचे रस्ते आणि मोटारीचे दिवे
मद्रास इलाख्याच्या राजधानीत सिम्पसन कंपनीने १९०३ साली वाफेवर चालणारी मोटार बांधली, त्या काळी मोटारींच्या दिव्यांत कार्बाइडवर थेंबथेंब पाणी पडून निघणारा ॲसिटिलीन वायू जळत असे. चालकाने तोटी फिरवून ज्योत लहानमोठी करावी आणि काचेवरील काजळी पुसावी, असा दस्तूर होता.

विजेच्या दिव्याने ही यातायात संपली, परंतु प्रकाश जसजसा प्रखर झाला तसतसा समोरून येणाऱ्याच्या दृष्टीचा प्रश्न बिकट झाला. १९६१ मध्ये मद्रासच्या पाडी भागात लुकास-टीव्हीएस हा वाहनांच्या विद्युत्सामग्रीचा कारखाना उभा राहिला. पुढे हॅलोजन दिवे आले, आणि पुदुपेट व जनरल पॅटर्स रोडवरील दुकाने मोटारींच्या सुट्या भागांची व साजाची पेठ म्हणून नावारूपास आली.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक स्पष्ट आहे: दिव्यापासून ८ मीटरवर, दीड मीटर उंचीवर ज्याची दृष्टी आहे, त्याचे डोळे दिपता कामा नयेत. म्हणूनच कुशल कारागीर सपाट जमिनीवर, भिंतीसमोर गाडी उभी करून, दिव्यामागील स्क्रू हलकेच फिरवीत झोताची वरची कड खाली उतरवितो. अधिक तेजाचा दिवा बसविणाऱ्याने हा बंदोबस्तही अगत्याने करावा, कारण रात्रीचा रस्ता सर्वांच्या सामाईक मालकीचा आहे.